मातीतून अँटिबायोटिक शोधायचंय? आधी कूलर बंद करा

दरवर्षी एम.एस्सी.ची नवी बॅच प्रकल्पाचा विषय घेऊन माझ्या टेबलाशी येते, आणि त्यातला एक तरी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढतो. आत मूठभर चिखल. ‘काकू, यातून अँटिबायोटिक काढायचंय.’ कुठली माती? ‘गेटजवळची.’ कधी घेतली? ‘आत्ताच, येता येता.’ मी पिशवी परत देते.

नागपुरातल्या एका कॉलेजात २२ वर्षं मी मायक्रोबायोलॉजीची लॅब सांभाळते. प्राध्यापक नाही, लॅब असिस्टंट. प्लेटा ओतणं म्हणजे उथळ ताटल्यांत जीवाणूंचं खाद्य भरणं, ऑटोक्लेव्ह म्हणजे निर्जंतुक करणारा मोठा कुकर लावणं, फुटलेल्या पिपेटांचा हिशेब ठेवणं हे माझं काम. पुस्तकात चार ओळींत संपणारी गोष्ट आमच्याकडे चार महिने चालते. त्यातले तीन महिने कुठे जातात ते सगळ्यांना तोंडी सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच. हे घरी करायचं काम नाही. मातीतून काय उगवेल हे प्लेट उघडेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं. ऑटोक्लेव्ह, बर्नर आणि जाणकार माणूस असलेली लॅब हवी. आणि तपासणीसाठी दवाखान्यातून ‘सुपरबग’ म्हणजे औषधांना न जुमानणारा जंतू मागून आणायचा नाही, त्यावर पुढे बोलू.

माती

नागपूर या कामाला चांगलं गाव आहे. पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे बेसाल्टची काळी माती, पूर्वेला भंडाऱ्याकडे निघालात की खडक बदलतो आणि धानाची जमीन लागते. दीड तासाच्या अंतरात दोन वेगळ्या दुनिया. देशभरातल्या जमिनींचं सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालयही इथेच, अमरावती रोडवर आहे. तरी पोरं माती आणतात ती गेटजवळची.

आपल्याला हवे आहेत अ‍ॅक्टिनोमायसीट्स, त्यातही स्ट्रेप्टोमायसिस. पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा वास ज्या जिओस्मिनचा, ते बनवणारे मुख्यतः हेच. हे जीवाणू असून बुरशीसारखे धागे काढतात, बीजाणू सोडतात, आणि ते बीजाणू कोरड्यात तग धरून बसतात. म्हणून मे महिन्यात काळ्या वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असताना घेतलेली माती मला पावसाळ्यातल्या चिखलापेक्षा जास्त आवडते. ओल गेली की इतर बरेच जीवाणू मरतात आणि आपल्या पाहुण्यांची गर्दीतली वाटणी वाढते. शिवाय आपली काळी माती चुनखडीची, थोडी अल्कधर्मी असते. यांना ती मानवते.

माझ्या आवडीची जागा म्हणजे काटोलकडच्या आमच्या शेताचा धुरा. तिथे नांगर लागत नाही, पळसाचा पाला वर्षानुवर्षं कुजतो. पहिल्यांदा खुरपं घेऊन गेले तेव्हा बाबा बाजेवर बसून बघत होते. ‘कायले पायजे वं तुले माती? शहरात माती भेटत नाई का?’ मी म्हटलं, औषध शोधायचंय. ते हसले आणि गोठ्यातल्या फळीवरून एक पुडी काढून दाखवली. लिंबाच्या खैऱ्या रोगावर फवारायची, सहा ग्रॅमची. ‘औषध तं हे हाये.’ पुडीवर लिहिलं होतं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. दोन्ही मुळात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसची देणगी. बाबांना ते सांगितलं तर म्हणाले, ‘मंग आपल्याच वावरातलं आपल्यालेच इकून रायले म्हना.’

त्या पुडीमुळे एक नियम मात्र पक्का झाला. जिथे वर्षानुवर्षं फवारणी झालीय, त्या झाडांच्या ओळीतली माती पहिल्या नमुन्याला घ्यायची नाही. धुरा घ्या, जुनं वारूळ घ्या, गोठ्यामागचा जुना उकिरडा घ्या. नाग नदीच्या काठची घेऊ नका. तिथे सांडपाणी आहे, त्यासोबत माणसाच्या आतड्यातलं सगळं येतं. जंगलातली हवी असेल तर वनखात्याची परवानगी आधी, खुरपं नंतर.

वरची दोन बोटं माती बाजूला सारा आणि पाच ते दहा सेंटिमीटर खोलीवरची घ्या. खुरपं स्पिरिटने पुसून, ज्योतीतून काढून, गार होऊ द्या. एकाच ठिकाणची मूठभर नको. दहा पावलांच्या टापूत पाच ठिकाणची घेऊन मिसळा, निर्जंतुक पिशवीत साधारण १०० ग्रॅम भरा. पिशवीवर तारीख, जागा, खोली, वर कोणतं झाड, शेवटचं पीक कोणतं. हे तिथेच उभं राहून लिहा. संध्याकाळी लिहिलेलं खोटं असतं.

लॅबमध्ये आल्यावर कोऱ्या कागदावर पसरून सावलीत वाळवा. पुस्तकात आठवडा दिलाय, नागपूरच्या उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात. ढेकळं खलबत्त्यात फोडून रवा चाळायच्या चाळणीने चाळा. ती चाळणी मग लॅबचीच.

गर्दी कमी करणं

एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जीवाणू असतात आणि आपल्याला हवे ते संथ चालीचे. जागा मिळायच्या आत भरभर वाढणारे बॅसिलस प्लेटभर पसरतात. म्हणून दहा ग्रॅम मातीत एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट कालवा, ओलसर करा, झाकलेल्या पेट्रीडिशमध्ये २८ अंशांवर आठवडाभर ठेवा. मग पुन्हा वाळवून हॉट एअर ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर. बीजाणू टिकतात, बरीचशी गर्दी मरते. बॅसिलसचे बीजाणूही टिकतात, त्याला इलाज नाही.

मग डायल्युशन. एक ग्रॅम माती नऊ मिली निर्जंतुक सलाईनमध्ये, त्यातलं एक मिली पुढच्या नऊमध्ये, असं मायनस फाइव्हपर्यंत, म्हणजे लाखपट पातळ होईपर्यंत. काळी माती चिकट असते, पहिली नळी नुसती हलवून सुटत नाही. काचेचे मणी टाकून पूर्ण दहा मिनिटं घुसळा. फोनवर बोलत दोन मिनिटं हलवलेली नळी मला रंगावरून ओळखू येते. मायनस थ्री, फोर आणि फाइव्हमधलं ०.१ मिली प्लेटवर पसरा, प्रत्येकाच्या तीन प्लेटा.

प्लेट स्टार्च केसीन अगरची. अगर म्हणजे खाद्य जेलीसारखं घट्ट करणारा पदार्थ. लिटरला स्टार्च १० ग्रॅम, केसीन ०.३, पोटॅशियम नायट्रेट २, सोडियम क्लोराईड २, डायपोटॅशियम फॉस्फेट २, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५, कॅल्शियम कार्बोनेट ०.०२, फेरस सल्फेट ०.०१, अगर १८ ग्रॅम, पीएच ७.२. केसीन पाण्यात विरघळत नाही, पोरं तासभर ढवळत बसतात. थोड्या सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये आधी विरघळवा, मग बाकीच्यात टाका आणि पीएच शेवटी जुळवा. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. हाताला सोसवेल इतकं गार झालं की बुरशी रोखायला निस्टॅटिन, लिटरला ५० मिलीग्रॅम.

या निस्टॅटिनची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. ते १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघींनी शोधलं. हेझन न्यूयॉर्क शहरात जीवाणू वाढवायची, ब्राऊन दूर ऑल्बनीत त्यातलं रसायन वेगळं करायची, आणि काचेच्या बरण्या टपालाने ये-जा करायच्या. ज्या जीवाणूतून ते निघालं, तो हेझनला मैत्रिणीकडच्या शेतावर सापडला. शेत नोर्स नावाच्या कुटुंबाचं, म्हणून जीवाणू स्ट्रेप्टोमायसिस नोर्सेई. नोर्स हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. धुऱ्यावरची माती आणायला लाजू नका, एवढंच आत्ता सांगते.

आता कूलर

एप्रिलनंतर नागपुरात लॅबमध्ये बसणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण प्लेटा ओतताना कूलर बंद. पंखाही बंद. कूलरच्या ओल्या वाळ्यात बुरशीची वसाहत असते आणि तो ती सरळ तुमच्या उघड्या प्लेटवर फेकतो. एका वर्षी एका मुलीच्या ३६ प्लेटांवर तीन दिवसांत हिरवा मखमली गालिचा आला. निस्टॅटिनलाही मर्यादा असते बिचाऱ्याला. बाहेर ४५ अंश, समोर बर्नर, दारं बंद. म्हणून मे महिन्यात मी सकाळी सहाला येते आणि आठच्या आत ओतून मोकळी होते.

दुसरा घोळ इन्क्युबेटरचा. साधा इन्क्युबेटर गरम करतो, थंड करत नाही. बटण २८ वर लावलं आणि खोलीत ४० आहे, तर आतही ४० च राहणार. काट्यावर विश्वास ठेवणाऱ्या दोन बॅचेसचे प्रकल्प यात उकडले. उन्हाळ्यात बीओडी इन्क्युबेटरच हवा, कारण त्यात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो. नाही मिळाला तर काम नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत करा. आणि ३७ वर ठेवू नका. मातीतल्यांना ते गरजेचं नाही, आणि माणसाच्या अंगात राहू शकणाऱ्यांना आपण उगाच आमंत्रण देतो.

दोन आठवडे ठेवायच्या तर प्लेटा वाळून पापड होतात. जरा जाड ओता, २५ मिली, आणि झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाच्या बोळ्यासोबत उलट्या ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे चकचकीत, ओलं, मोठं दिसतं ते आपलं नव्हे. त्याच्या बाजूला खूण करून सोडा. पाचव्या दिवसापासून बारीक, कडक ठिपके दिसू लागतात, खडूची पूड टाकल्यासारखे. राखाडी, पांढरे, फिक्कट गुलाबी. एखाद्याखालचं अगर पिवळं किंवा विटकरी होतं. खरी ओळख लूपने, म्हणजे टोकाला वळवलेल्या तारेने पटते. साधी कॉलनी लोण्यासारखी उचलली जाते, ही मात्र अगरमध्ये रुतलेली असते. लूप वाकतो, ती हलत नाही. निर्जंतुक टूथपिकने खरवडा. डब्याचं झाकण काढलं की पहिल्या पावसाचा वास येतो. तेवढा पुरे, प्लेट उघडून नाक घालू नका.

गर्दीच्या प्लेटवर एखाद्या ठिपक्याभोवती शेजारी उगवलेच नाहीत, मोकळं अंगण आहे, असं दिसलं तर ती आधी उचला. पण फक्त तीच नको. आणि दोन आठवड्यांनी सगळं फेकू नका, एक संच सहा आठवडे ठेवा. मातीतले ९९ टक्के जीवाणू नेहमीच्या प्लेटवर वाढतच नाहीत असं मानतात. २०१५ साली जाहीर झालेलं टेक्सोबॅक्टिन अशाच न वाढणाऱ्यातून मिळालं. अमेरिकेतल्या त्या शास्त्रज्ञांनी एकेक पेशी बारीक खळग्यांच्या पट्टीत बसवली, दोन्ही बाजूंना पडदा लावला आणि पट्टी परत मातीतच पुरली. आपल्याकडे ती पट्टी नाही, धीर धरता येतो.

प्रत्येक कॉलनी तीनदा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून शुद्ध करा. बीजाणू भरपूर हवे असतील तर सोयाबीनच्या पिठाची प्लेट करा. लिटरभर नळाच्या पाण्यात सोयाबीनचं पीठ २० ग्रॅम, मॅनिटॉल २०, अगर २०, आणि दोनदा ऑटोक्लेव्ह, कारण पिठात चिवट बीजाणू असतात. विदर्भात सोयाबीनला काय तोटा. आमच्या गल्लीतल्या चक्कीवाल्याला अजून वाटतं मी भाकरी करते.

मारतं का ते बघणं

तपासणीला निरुपद्रवी जीवाणू घ्या. बॅसिलस सबटिलिस, मायक्रोकॉकस ल्युटियस, प्रयोगशाळेतला के-१२ जातीचा ई. कोलाय, आणि सोबत बेकरीचं यीस्ट. चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातून किंवा पुण्याच्या एनसीआयएममधून ओळख पटलेले मिळतात. अमेरिकेत ‘टायनी अर्थ’ नावाच्या उपक्रमात कॉलेजची मुलं हेच करतात. खऱ्या रोगजंतूंऐवजी त्यांचे निरुपद्रवी भाऊबंद वापरतात. यीस्ट कशाला, असं विचारतात. यीस्टची पेशी आपल्या पेशीच्या जवळची. तुमचा अर्क जीवाणूसोबत यीस्टही मारत असेल, तर बहुधा ते सरसकट विष आहे.

पहिली चाळणी क्रॉस स्ट्रीकची. प्लेटच्या मधोमध तुमच्या जीवाणूची एक रेघ, सहा-सात दिवस वाढू द्या. मग त्या रेघेला काटकोनात, जवळपास टेकेल अशा, तपासणी जीवाणूंच्या रेघा ओढा. दुसऱ्या दिवशी कोणती रेघ मधल्या रेघेपासून किती मिलिमीटर लांब थांबली ते मोजा. शेजारी मधली रेघ नसलेली एक प्लेट हवीच.

जे टिकतील त्यांची दुसरी चाळणी. म्युलर हिंटन अगरवर तपासणी जीवाणू सारवा. घनता ०.५ मॅकफारलंड (हे गढूळपणाचं माप), म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी पेशी. तुलनेची नळी लॅबमध्येच बनते, १.१७५ टक्के बेरियम क्लोराईड ०.०५ मिली आणि एक टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिली. अगरची जाडी ४ मिलिमीटर, कमी-जास्त झाली की झोन, म्हणजे जीवाणू न उगवलेलं वर्तुळ, खोटा बोलतो. तुमच्या जीवाणूच्या प्लेटमधून ६ मिलिमीटरची चकती कापून त्यावर ठेवा. दोन तास फ्रीजमध्ये, म्हणजे औषध आधी पसरेल आणि जीवाणू नंतर वाढेल. मग रात्रभर इन्क्युबेट.

सकाळी गोल, स्वच्छ झोन दिसतो. आणि इथेच माणूस वाया जातो.

माझीच गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी धुऱ्यावरच्या मातीतली के-७ नावाची कॉलनी सुंदर झोन द्यायची. विभागातल्या मॅडमनी सांगितलं, ब्रॉथमध्ये म्हणजे पातळ माध्यमात वाढवून इथाइल अ‍ॅसिटेट या विद्रावकाने अर्क काढा. काढला. कागदी चकतीवर अर्क, प्लेटवर चकती, दुसऱ्या दिवशी १७ मिलिमीटर. मी लॅबभर संत्रा बर्फी वाटली. दोन महिने तोच अर्क काढत राहिले, प्रत्येक वेळी १७ च्या आसपास. मग एका बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, नुसत्या इथाइल अ‍ॅसिटेटच्या चकतीचा झोन किती? मी ती ठेवलीच नव्हती. त्याच दुपारी ठेवली. दुसऱ्या दिवशी मोजला, १६. चकती मी नीट वाळवतच नव्हते, जीवाणू मारत होता तो नुसता विद्रावक. खरं औषध, जे काही होतं ते, पाण्याच्या थरात राहिलं होतं, आणि पाण्याचा थर मी दर वेळी फेकत होते.

म्हणून आता माझ्या लॅबमध्ये नियम आहे. झोन दिसला की आनंद नंतर, आधी त्याला खोटं पाडायचं. वाळवलेली विद्रावकाची चकती. जीवाणू न घातलेल्या माध्यमाची चकती. ब्रॉथचा पीएच मोजा. साखर खाऊन आम्ल झालं असेल तर पीएच ७ वर आणून पुन्हा बघा. थोडं कॅटलेज हे पेरॉक्साईड फोडणारं विकर घालून बघा, झोन गेला तर ते हायड्रोजन पेरॉक्साईड होतं. प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के घालून बघा, झोन गेला तर प्रथिन आहे. १०० अंशांवर दहा मिनिटं उकळून बघा. आणि एक ओळखीच्या अँटिबायोटिकची चकती ठेवा, नाहीतर तपासणी जीवाणू मुळातच मेलेला होता की काय हे कळायचं नाही. सगळं तीनदा, वेगवेगळ्या दिवशी. इथाइल अ‍ॅसिटेटचा आणि पाण्याचा, दोन्ही थर तपासा.

हे सगळं वहीत. पेनने, तारखेसह, त्याच दिवशी. अल्बर्ट शॅट्झ २३ वर्षांचा विद्यार्थी होता. रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समनच्या हाताखाली, तळघरातल्या लॅबमध्ये त्याने स्ट्रेप्टोमायसिन देणारा जीवाणू वेगळा केला, आणि वहीत तारीख लिहिली, १९ ऑक्टोबर १९४३. पुढे रॉयल्टीवरून कोर्टकचेरी झाली. १९५० मध्ये तडजोड होऊन तो कायद्याने सहसंशोधक ठरला. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समनला मिळालं. माझं मत विचाराल तर मी कायम तळघराच्या बाजूची.

जुनंच सापडलं का?

के-७ च्या पाण्याच्या थराने बॅसिलस मारला, ई. कोलायही मारला, उकळून, आम्ल काढून, सगळं करून मारला. आता प्रश्न उरला, हे नवीन आहे का? बहुतेक नसतं. जाणकारांचा अंदाज असा की मातीतून कसेही उचललेले दहा अ‍ॅक्टिनोमायसीट घेतले तर त्यातला एक स्ट्रेप्टोथ्रिसिन बनवतो, शंभरात एक स्ट्रेप्टोमायसिन, हजारात एक टेट्रासायक्लिन. डॅप्टोमायसिन कोटीत एक. १९४० ते ६० च्या दशकांत सोपी फळं तोडून झाली. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने हॅमायसिन शोधलं तेही त्याच काळात, आणि ते देणाऱ्या जीवाणूच्या नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

कॉलेजात होण्यासारखी एक युक्ती आहे. ई. कोलायची एचबी१०१ जात स्ट्रेप्टोमायसिनला जुमानत नाही, डीएच५ अल्फा मरते. मोलिक्युलर बायोलॉजीच्या कोणत्याही लॅबमध्ये दोन्ही सापडतात. तुमचा अर्क दुसरीला मारतो आणि पहिलीला नाही, तर गाशा गुंडाळा, बाबांच्या पुडीतलंच आहे ते. के-७ दोघींना मारत होता. आम्ही पुन्हा खूश. बर्फी मात्र या वेळी आणली नाही.

पुढची पायरी म्हणजे टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) पट्टीवर घटक वेगळे करून ती पट्टीच जीवाणू मिसळलेल्या पातळ अगरने झाकायची. कोणत्या ठिपक्यावर जीवाणू उगवत नाही ते दिसतं. मग रेणूचं वजन सांगणारी मास स्पेक्ट्रोमेट्री, त्यासाठी नमुना बाहेर पाठवावा लागतो. के-७ चा अहवाल आला, टोक ५०३ च्या जागी. मॅडमनी बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. स्ट्रेप्टोथ्रिसिन एफ. १९४२ पासून माहीत असलेलं, मूत्रपिंडाला घातक म्हणून औषध न बनलेलं. लॅबमध्ये याच कुळातलं मिश्रण नोर्सिओथ्रिसिन नावाने विकत मिळतं, आणि ते बनवतो तोच तो, नोर्सांच्या शेताचं नाव लावणारा. आमचा धुरा आणि त्यांचं शेत, दोघांनी मिळून माझं दीड वर्ष खाल्लं.

पण माझ्यासोबत के-७ वर काम करणाऱ्या मुलाला प्रकल्पात ए-प्लस मिळाला, कारण वहीत सगळं होतं.

तुमचा ठिपका इथवर टिकला तर किती प्रमाणात मारतो ते काढा. ९६ खळग्यांची प्लेट, मिलीला ६४ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून दर खळग्यात निम्मं, प्रत्येकात मिलीला पाच लाख जीवाणू. दुसऱ्या दिवशी रेझाझुरिन हा निळा रंग टाका. जिवंत पेशी निळ्याचा गुलाबी करतात. निळा राहिलेला सगळ्यात कमी मात्रेचा खळगा म्हणजे तुमचं उत्तर. सोबत तांबड्या रक्तपेशींवर तपासणी कराच. पेशी फुटून द्रव लालभडक झाला तर ते औषध नाही, साबण आहे. जीवाणूची जात ओळखायला १६ एस आरएनएच्या जनुकाचा क्रम बाहेरून काढून मिळतो, साधारण दीड हजार अक्षरं. मान्य जातींच्या क्रमाशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर नवी जात असण्याची आशा धरा. नवी जात म्हणजे नवं औषध नव्हे, हेही तेवढंच. पेटंटपर्यंत गोष्ट गेली तर जैवविविधता कायदा आड येतो, राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईला आहे. राज्याचं जैवविविधता मंडळ मात्र इथे नागपुरातच आहे, तिथे जाऊन आधी विचारून घ्या.

प्लेटा फेकायच्या आधी ऑटोक्लेव्ह, अपवाद नाही. आणि जीवाणू जपून ठेवा, नवा असो की जुना. २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० वर ठेवतात, आम्हीही ठेवायचो. एका मे महिन्यात शनिवारी वीज गेली, सोमवारी लॅब उघडली तर फ्रीजरमधून पाणी वाहत होतं. साठ कॉलन्या गेल्या. के-७ वाचला, कारण एक नळी मी जुन्या पद्धतीने भरून कपाटात ठेवली होती. धुऱ्यावरचीच माती चाळून नळीत घातली, तीन दिवस ओळीने ऑटोक्लेव्ह केली, वरून बीजाणूंचं पाणी टाकलं, वाळू दिलं आणि बूच लावलं. ना फ्रीज, ना वीज. मागच्या महिन्यात चिमूटभर प्लेटवर टाकली, आठव्या दिवशी राखाडी ठिपके आले. नळीवरची चिठ्ठी पेन्सिलने लिहा. मार्करची शाई स्पिरिट लागलं की जाते.